प्राथमिक फेरी चुकवू नका

नमस्कार मंडळी.

मला आज जागतिक अजिंक्यपद मैदानी स्पर्धेबद्दल बोलायचं आहे, आणि ती पाहणाऱ्या आपल्या सगळ्यांबद्दलही. १८ सप्टेंबर २०२५ रोजी टोकियोत भालाफेकीची अंतिम फेरी झाली, ती तुमच्यापैकी बऱ्याच जणांनी पाहिली असेल. नीरज चोप्रा गतविजेता होता. त्याचा भाला ८४.०३ मीटरच्या पुढे गेला नाही, पाचव्या प्रयत्नानंतर तो स्पर्धेबाहेर पडला आणि आठवा आला. तेवढ्यावर आपल्यातल्या पुष्कळांनी टीव्ही बंद केला. नंतर ज्यांच्याशी बोलले त्यांच्याकडून एकच वाक्य ऐकलं: 'यंदा आपलं काही झालं नाही.'

मला ते वाक्य फार लागलं. कारण त्याच अंतिम फेरीत आपल्याच सचिन यादवनं पहिल्याच प्रयत्नात ८६.२७ मीटर भाला फेकला होता. आयुष्यातली सर्वोत्तम फेक, तीही जागतिक स्पर्धेच्या अंतिम फेरीत. तो चौथा आला. ब्राँझ मिळालं ८६.६७ मीटरला, म्हणजे चाळीस सेंटिमीटर कमी पडले. त्याच्या दोनच दिवस आधी आपल्या महाराष्ट्राच्या सर्वेश कुशारेनं उंच उडीच्या अंतिम फेरीत २.२८ मीटर पार करून सहावा क्रमांक मिळवला. ही त्याचीही कारकिर्दीतली सर्वोच्च उडी. या स्पर्धेत उंच उडीच्या अंतिम फेरीपर्यंत त्याच्याआधी एकही भारतीय पोचला नव्हता. किती जणांनी ती पाहिली? हात वर करायला सांगत नाही, पण माझं आजचं सगळं म्हणणं या प्रश्नातूनच निघालं आहे.

ही स्पर्धा नऊ दिवस चालते. १९८३ मध्ये हेलसिंकीला सुरू झाली, आधी दर चार वर्षांनी भरायची, १९९१ नंतर दर दोन वर्षांनी भरू लागली. या नऊ दिवसांतला जो भाग आपण 'नंतर निकाल बघू' म्हणून सोडून देतो, तो मला सर्वांत मोलाचा वाटतो. हीट, म्हणजे प्राथमिक फेऱ्या.

बुडापेस्ट, २०२३. पुरुषांच्या चार गुणिले चारशे रिलेची हीट. मोहम्मद अनस, अमोज जेकब, मोहम्मद अजमल आणि राजेश रमेश. शेवटच्या टप्प्यात राजेश अमेरिकेच्या धावपटूच्या अगदी मागे होता आणि समालोचकांचा आवाज चढत चालला होता. भारत दुसरा आला, २ मिनिटं ५९.०५ सेकंदांत, आशियाई विक्रम करून. दुसऱ्या दिवशी अंतिम फेरीत हाच संघ पाचवा आला आणि वेळ होती २:५९.९२. म्हणजे ज्यांनी फक्त अंतिम फेरी पाहिली, त्यांनी पाचवा क्रमांक पाहिला. त्या मुलांच्या आयुष्यातली सर्वांत वेगवान धाव आदल्या दिवशीच होऊन गेली होती.

दोहा, २०१९. अविनाश साबळे, तीन हजार मीटर स्टीपलचेस, म्हणजे अडथळे आणि पाण्याचा खड्डा ओलांडत धावायची शर्यत. हीटमध्ये पुढचा धावपटू पडला, अविनाश अडकला, लय गेली. तरीही तो उठून धावला आणि राष्ट्रीय विक्रम केला, ८:२५.२३. पात्रतेच्या क्रमांकात मात्र बसला नाही. भारतीय पथकानं आक्षेप नोंदवला, पंचांनी चित्रफीत पाहिली आणि त्याला अंतिम फेरीत जागा दिली. तिथे त्यानं आपलाच विक्रम पुन्हा मोडला, ८:२१.३७. क्रमांक होता तेरावा. पुढे याच माणसानं राष्ट्रकुल स्पर्धेत रौप्य आणि आशियाई स्पर्धेत सुवर्ण मिळवलं. ज्यांनी त्याला दोह्यात धडपडून उठताना पाहिलं होतं, त्यांना त्या पदकांचा आनंद वेगळाच झाला असणार. असा आनंद ऐनवेळी मिळत नाही, त्यासाठी चार-पाच वर्षं एखाद्या खेळाडूमागे राहावं लागतं.

आणि हे आपल्याच माणसांपुरतं नाही. टोकियोत न्यूझीलंडचा जॉर्डी बीमिश स्टीपलचेसच्या हीटमध्ये पडला, मागून येणाऱ्याच्या बुटाचे खिळे त्याच्या चेहऱ्यावर उमटले. तो उठला, पात्र ठरला आणि दोन दिवसांनी मोरोक्कोच्या सुफियान एल बक्कालीला अगदी शेवटच्या पावलांत गाठून सुवर्ण घेऊन गेला, फरक ०.०७ सेकंदांचा. हीट पाहिली नसेल तर ही फक्त एक चुरशीची शर्यत आहे. पाहिली असेल तर काय आहे, ते मला शब्दांत नीट सांगता येणार नाही.

दोह्यातलीच आणखी एक हीट. पाच हजार मीटर. अरुबाचा जोनाथन बझबी शेवटच्या फेरीत कोसळायच्या बेतात होता. गिनी-बिसाऊचा ब्राइमा सुन्कार दाबो त्याच्यापाशी थांबला, त्याला खांद्याचा आधार दिला आणि दोघं मिळून शेवटची रेषा गाठली. स्टेडियममधले लोक उभे राहून टाळ्या वाजवत होते. लहान देशांतून एक-दोनच खेळाडू येतात, बहुतेक जण पहिल्याच फेरीत संपतात. त्यांची जागतिक स्पर्धा म्हणजे ती एकच हीट. तेवढ्यासाठी त्यांनी वर्षं घातलेली असतात. त्यांना पाहायला कुणीतरी हवं, असं मला मनापासून वाटतं.

आता पाहायचं कसं, याबद्दल थोडं. निकालपत्रकात नावापुढे मोठा क्यू (Q) दिसला तर तो धावपटू क्रमांकावर पात्र ठरला, छोटा क्यू (q) असेल तर वेळेवर. छोट्या क्यूवाल्यांना आपली शर्यत संपवून पुढच्या हीट संपेपर्यंत बसून वाट पाहावी लागते. कॅमेरा अधूनमधून त्यांच्याकडे वळतो, तेव्हा त्यांचे चेहरे पाहा. 'पीबी' म्हणजे आयुष्यातली सर्वोत्तम कामगिरी, 'एसबी' म्हणजे त्या मोसमातली. मी निकाल उघडला की क्रमांकाआधी ही अक्षरं शोधते. सातवा आलेला खेळाडू पीबी करून गेला असेल तर त्याच्यासाठी तो दिवस मोठा होता, आणि आपण 'सातवाच' म्हणणं हा त्याच्यावर अन्याय आहे.

उड्या आणि फेकी पाहताना मात्र हाताशी कागद-पेन ठेवा. टीव्हीवर धावण्याच्या शर्यती अखंड दाखवतात, पण लांब उडीचे तुकडे करतात, त्यामुळे चुरस कळतच नाही. प्रत्येक प्रयत्न लिहीत गेलात की ती डोळ्यांसमोर उभी राहते. ३० ऑगस्ट १९९१, टोकियो. कार्ल लुईस दहा वर्षं लांब उडीत हरलेला नव्हता, सलग ६५ विजय. त्या रात्री चौथ्या प्रयत्नात त्यानं ८.९१ मीटर उडी मारली. बॉब बीमननं १९६८ मध्ये केलेल्या ८.९० पेक्षाही ती लांब होती, पण वारा मर्यादेपेक्षा जास्त असल्यानं विक्रम म्हणून धरली नाही. स्पर्धेत मात्र ती मोजली जाते, त्यामुळे लुईस पुढे. मग पाचव्या प्रयत्नात माइक पॉवेल: ८.९५. वारा अगदी मंद, विश्वविक्रम. लुईसकडे अजून दोन उड्या होत्या. त्यानं ८.८७ आणि ८.८४ मारल्या. हे आकडे एकाखाली एक लिहून बघा. एका संध्याकाळी चार वेळा ८.८० च्या पुढे जाणारा माणूस हरला! पॉवेलचा विक्रम आजही उभा आहे, आणि तो ज्या स्पर्धेत झाला ती स्पर्धा लुईसच्या उड्यांशिवाय सांगताच येत नाही.

प्रेक्षक म्हणून आपलंही तिथे काम असतं. उडी मारण्यापूर्वी खेळाडू हात डोक्यावर नेऊन टाळी मागतो आणि सगळं स्टेडियम त्याच्या पावलांबरोबर टाळ्या वाजवतं. ही रीत तिहेरी उडीच्या विली बँक्सनं १९८१ मध्ये स्टॉकहोमला सुरू केली. आणि धावपटू ब्लॉकवर बसले की तेच स्टेडियम क्षणात चिडीचूप होतं, कारण आता चुकीच्या सुरुवातीला माफी नाही. २०११ मध्ये दक्षिण कोरियातल्या देगूला उसेन बोल्ट शंभर मीटरच्या अंतिम फेरीतून असाच बाद झाला. कधी वाजवायचं आणि कधी श्वास रोखायचा, हे जाणकार प्रेक्षकांना सांगावं लागत नाही. प्रेक्षक नसले तर काय होतं तेही आपण पाहिलं आहे. ७ ऑगस्ट २०२१ ला नीरजनं टोकियोच्या राष्ट्रीय स्टेडियममध्ये ऑलिंपिक सुवर्ण जिंकलं, तेव्हा महामारीमुळे खुर्च्या रिकाम्या होत्या. भारताच्या मैदानी खेळांतला सर्वांत मोठा क्षण, आणि टाळ्या वाजवायला होते ते सहकारी आणि प्रशिक्षक. चार वर्षांनी तिथेच भरलेल्या गॅलऱ्यांसमोर सचिननं आपली सर्वोत्तम फेक केली.

एक गोष्ट स्पष्ट बोलते. पाकिस्तानचा भालाफेकपटू अर्शद नदीम याच्याबद्दल आपल्या गटांमध्ये जे काही फिरवलं जातं, ते थांबायला हवं. बुडापेस्टला नीरज पहिला आणि अर्शद दुसरा आला, तेव्हा नीरजनं स्वतः त्याला फोटोसाठी आपल्या शेजारी बोलावलं. नीरजचा चाहता म्हणवून घ्यायचं असेल तर त्याचं हे वागणंही घ्यावं लागेल.

मैदानी खेळांच्या जागतिक संघटनेनं सप्टेंबर २०२६ साठी बुडापेस्टला एक नवी स्पर्धा आखली. तीन संध्याकाळी, मोजके अव्वल खेळाडू, धावण्याच्या शर्यती थेट उपांत्य फेरीपासून, मोठी बक्षिसं. खेळाडूंना चांगले पैसे मिळतात याचं मला समाधान आहे, ते मिळायलाच हवेत. पण प्रेक्षकांना घाई असते म्हणून हीट कापायची, हे मला पटत नाही. दाबो आणि बझबीला अशा स्पर्धेत जागाच नाही. अविनाश जसा तेराव्या क्रमांकापासून वर आला, तसं वर यायला नवा मुलगा कुठून सुरुवात करणार?

२०२७ च्या सप्टेंबरात जागतिक स्पर्धा बीजिंगला आहे. माझी सूचना अशी की मंडळातल्या प्रत्येक कुटुंबानं एक एक क्रीडाप्रकार आपला मानावा. भालाफेक सगळेच मागतील, म्हणून ती चिठ्ठ्या टाकून द्या. तिहेरी उडी, थाळीफेक, चालण्याची शर्यत, हेप्टॅथलॉन, सगळ्यांना कुणीतरी हवं. त्या प्रकारातले खेळाडू आतापासून ओळखायचे, मोसमभर त्यांच्या कामगिरीवर लक्ष ठेवायचं आणि स्पर्धा सुरू झाली की पहिल्या फेरीपासून बाकीच्यांना सांगायचं, कुणाकडे पाहा आणि का. मुलांना यात आधी घ्या, त्यांना आकडे आपल्यापेक्षा लवकर पाठ होतात. नोंदवही आज चिटणीसांकडे ठेवली आहे. स्टीपलचेससमोर मी माझं नाव लिहिलं आहे, बाकीच्या ओळी मोकळ्या आहेत.