फुलझाडांवर छर्रे

श्रोतेहो, नमस्कार.

"आधी केस काप, हिप्पी दिसतोयस!" साठी ओलांडलेल्या बऱ्याच जणांनी वडिलांचं हे वाक्य ऐकलेलं असेल. आपल्याकडे राग एवढ्यावरच निवायचा. कॅलिफोर्नियात त्याच केसांवर मतं मिळत होती. १९६६ साली तिथे गव्हर्नर म्हणून निवडून आलेले रोनाल्ड रेगन म्हणायचे, हिप्पीचे कपडे टारझनसारखे, केस त्याची सखी जेन हिच्यासारखे आणि वास चीता या चिंपांझीसारखा. सभेत हशा पिकायचा.

तेव्हा कॅलिफोर्नियातल्याच बर्कली शहरात विद्यापीठाने घरं पाडून मोकळी केलेली एक जागा पडून होती. नुसता चिखल आणि त्यात लावलेल्या गाड्या. एप्रिल १९६९मध्ये विद्यार्थी, हिप्पी आणि आसपासचे रहिवासी फावडी घेऊन तिथे जमले. हिरवळ अंथरली, फुलझाडं लावली आणि नाव दिलं पीपल्स पार्क. परवानगी कुणाचीच नव्हती. कायद्याने बघाल तर सरळसरळ अतिक्रमण. पण अतिक्रमण हटवायला छर्ऱ्याच्या बंदुका लागतात का?

१५ मेच्या पहाटे पोलिसांनी बागेला कुंपण घातलं. दुपारी हजारोंचा जमाव तिकडे निघाला. जमावातून दगड आले, हे लपवायचं कारण नाही. उत्तरादाखल शेरीफच्या, म्हणजे स्थानिक पोलीसप्रमुखाच्या, माणसांनी बंदुका चालवल्या. शंभरावर माणसं जखमी झाली. एका सुताराची दृष्टी कायमची गेली. जेम्स रेक्टर हा २५ वर्षांचा तरुण टेलिग्राफ अ‍ॅव्हेन्यूवरच्या एका छपरावर होता. त्याला गोळी लागली आणि चार दिवसांनी तो गेला.

रेगन यांनी नॅशनल गार्ड, म्हणजे राज्याचं राखीव सैन्यदल, बोलावलं. २० मे रोजी हेलिकॉप्टरमधून विद्यापीठाच्या आवारावर अश्रुधूर सोडला गेला. वारा काही हिप्पी आणि प्राध्यापक असा भेद करत नाही. धूर पसरला तो सगळ्यांच्याच डोळ्यांत गेला.

३० मे रोजी सुमारे ३०,००० लोकांनी शांततेने मोर्चा काढला. मुली जवानांच्या संगिनींना फुलं खोचत होत्या. मला राहून राहून त्या जवानांचं नवल वाटतं. त्यांतले कित्येक मोर्चातल्या पोरांच्याच वयाचे असतील, फक्त केस बारीक कापलेले.

बाग पुढे पन्नासहून अधिक वर्षं तगून राहिली. जानेवारी २०२४मध्ये वसतिगृह बांधण्यासाठी विद्यापीठाने तिच्याभोवती मालवाहू कंटेनरची भिंत उभी केली. कामाला सुरुवात झाली मध्यरात्रीनंतर.

नमस्कार.