पुरवणी मागण्यांचे अधिवेशन

दरवर्षी ठरावीक काळ राज्य सरकारने नागपुरात मुक्काम करावा आणि विधिमंडळाचे किमान एक अधिवेशन येथे भरवावे, असे २८ सप्टेंबर १९५३ च्या नागपूर कराराने ठरवले. त्यामुळे डिसेंबर आला की सिव्हिल लाइन्समधील विधानभवनात राज्याच्या तिजोरीवर चर्चा होते. मात्र ती मार्चमध्ये मुंबईत मांडलेल्या अर्थसंकल्पावर नसते, तर त्यात न मावलेल्या खर्चावर असते.

मंजूर तरतूद अपुरी पडली किंवा वर्षाच्या मध्येच नवा खर्च उभा राहिला, तर संविधानाच्या कलम २०५ नुसार सरकार पुरवणी मागण्या मांडते. त्या मंजूर झाल्यावर विनियोजन विधेयक, म्हणजे तिजोरीतून तो पैसा काढण्याची परवानगी देणारे विधेयक येते. विधानपरिषदेत चर्चा होऊ शकते, पण पैसा देण्याचा किंवा नाकारण्याचा अधिकार विधानसभेचाच आहे, आणि म्हणूनच तेथील सदस्यांनी मागण्यांचे पुस्तक पानोपान वाचलेले असणे फार महत्त्वाचे आहे.

तसा वेळ त्यांना मिळतो का? २०२३ च्या हिवाळी अधिवेशनात सुमारे ५५,५२० कोटी रुपयांच्या पुरवणी मागण्या आल्या. पुढच्या वर्षी, १६ डिसेंबर २०२४ रोजी, ३५,७८८ कोटींच्या मागण्या मांडल्या गेल्या. आदल्याच दिवशी नागपूरच्या राजभवनात ३९ मंत्र्यांचा शपथविधी झाला होता, पण खातेवाटप २१ डिसेंबरला, म्हणजे अधिवेशन संपले त्या दिवशी जाहीर झाले. ज्या खात्यांसाठी पैसा मागितला जात होता, त्यांचा जाब कोणत्या मंत्र्याला विचारायचा, हे त्या आठवड्यात सभागृहाला ठाऊक नव्हते. तिजोरीच्या दृष्टीने ही गोष्ट मला गंभीर वाटते.

पुरवणी मागणी मुळातच गैर आहे, असे मुळीच नाही. अवकाळी पाऊस मार्च पाहून पडत नाही आणि केंद्राच्या योजनांतला राज्याचा हिस्साही वेळेवर भरावा लागतो. पण २८ जून २०२४ रोजी अतिरिक्त अर्थसंकल्प मांडल्यानंतर दोन आठवड्यांच्या आत ९४,८८९ कोटींच्या पुरवणी मागण्या आल्या, तेव्हा त्यांतला किती खर्च खरोखर अनपेक्षित होता, हा प्रश्न रास्तच ठरतो.

करदात्याच्या वाट्याला येणारा दिलासा मात्र बहुतेक वेळा अर्थसंकल्पाचीच वाट पाहतो. महिन्याला २५,००० रुपयांपर्यंत पगार असलेल्या महिलांना व्यवसाय करातून सूट मिळाली ती २०२३ च्या अर्थसंकल्पात. जून २०२४ मध्ये पेट्रोल-डिझेलवरचा मूल्यवर्धित कर कमी झाला तो मुंबई, ठाणे आणि नवी मुंबईपुरता, कारण तेथील दर उर्वरित राज्यापेक्षा जास्त होते. नागपूरच्या पंपावरचा भाव त्या निर्णयाने बदलला नाही.

२०२५-२६ च्या अर्थसंकल्पाने ४५,८९१ कोटींची महसुली तूट, म्हणजे महसुली उत्पन्नापेक्षा महसुली खर्च तेवढा जास्त, दाखवली. अशा स्थितीत प्रत्येक पुरवणी मागणीसमोर तिचा पैसा कोणत्या तरतुदीच्या बचतीतून, कोणत्या वाढीव उत्पन्नातून किंवा किती कर्जातून येणार, हे सरकारने छापून द्यावे, आणि आमदारांनी मतदानापूर्वी नागपुरातच ते मागून घ्यावे.