गायकवाड, गायकवार, गुईकोवार

पायाखाली बघा. काच आहे. जाड काचेची फरशी, म्हणजे वरच्या मजल्यावरचा उजेड झिरपत खालच्या रॅकपर्यंत यावा आणि पुस्तकांजवळ दिवा न्यायची वेळच येऊ नये. बडोद्यात मांडवीजवळची ही सेंट्रल लायब्ररी. सयाजीरावांनी १९१० मध्ये अमेरिकेहून बॉर्डन नावाचे लायब्ररियन बोलावले, महालातली स्वतःची पुस्तकं दिली, ही इमारत मात्र १९३१ ची. बॉर्डनसाहेब तोवर कधीच परत गेलेले, १९१३ लाच.

ही मुलगी एम.ए. करतेय, विषय मल्हारराव गायकवाड, सयाजीरावांच्या आधीचे बडोद्याचे राजे. नोव्हेंबर १८७४ मध्ये रेसिडेंट, म्हणजे दरबारातले इंग्रजांचे प्रतिनिधी, फेअर यांच्या सरबतात विष घातल्याचा आरोप, मग चौकशी कमिशन, सहा जणांत तीन-तीन असे दोन तट, आणि तरीही १८७५ च्या एप्रिलमध्ये गादी गेली. असो, तो भाग सगळ्यांना माहितीय.

आता तिच्या मोबाइलकडे बघा, इंग्रजीत 'गायकवाड' टाकलंय आणि समोर येतायत क्रिकेटर. कारण त्या काळच्या इंग्रजी छपाईत गायकवाड नाहीतच, कुठे गायकवार, कुठे गुईकोवार, आणि मल्हाररावांचे तर मुल्हारराव झालेत. एकच माणूस आणि स्पेलिंगं चार, त्यामुळे ती वहीत आधी सगळी स्पेलिंगं लिहून काढते आणि मगच शोधायला बसते, आणि खरं सांगायचं तर अर्धा रिसर्च इथेच होतो. टेबलापलीकडचे काका म्हणतात, "उतावळ ना करशो, बेन." बरोबरच आहे त्यांचं.

दुसरी युक्ती, तळटीपा. कुठलंही चांगलं पुस्तक मागून उघडायचं. त्या लेखकाने कुठलं दफ्तर पाहिलं, कुठला खंड, कितवं पान, ते आपण परत जाऊन बघायचं, कारण उतरवताना चुका होतात, मोठमोठ्यांच्याही. इतिहासकार रियासतकार सरदेसाई इथेच बडोद्याच्या नोकरीत होते, राजपुत्रांना शिकवायचे. त्यांच्या तळटीपांवर बोट ठेवून पुढे जाता येतं, पण बोट उचलून कागद स्वतः बघायचाच.

आणि कागद म्हणजे हे. लाल रुमालाची गाठ सुटतेय बघा, आत मोडी लिपी. शाई तपकिरी पडलीय, कडेला वाळवीची नक्षी. वर तारीख म्हणून आकडा नाहीच, शब्द आहेत: तिसा सितैन मया व अलफ. नऊ, साठ, शंभर, हजार. झाले ११६९, हा सुहूर सन, मराठी दफ्तरांत चालणारी जुनी कालगणना. मृगापासून डिसेंबरपर्यंतचा कागद असेल तर त्यात ५९९ मिळवायचे, जानेवारीनंतरचा असेल तर ६००. पहिल्या हिशेबाने १७६८, बडोद्याचे दमाजीराव गायकवाड गेले ते साल. हा हिशेब चुकला की आख्खं प्रकरण एका वर्षाने सरकतं, मी स्वतः सरकवलंय, गाइडनी लाल पेनाने गोल केला होता.

मोडी दोन-तीन महिने रोज तासभर घासली की वाचता येते, अवघड नाहीये, फक्त आजोबांच्या पिढीनंतर कोणी बसलं नाही. वाचणारे कमी झालेत आणि रुमाल तसेच पडून आहेत.

ती एक ओळ वाचते. थांबते. 'र' आहे की 'द'? पुन्हा वाचते, ओठ हलवत. काका पंखा बारीक करतात, कागद उडू नये म्हणून.