शिरोलीच्या मशीन लाइनवर एक नवी स्टेज

कोल्हापुरातून पंचगंगा ओलांडून पुणे-बंगळूर महामार्गाने निघाले, की शिरोलीची औद्योगिक वसाहत लागते. इथल्या फाउंड्रीवाल्यांचा हिशेब पिढ्यान्‌पिढ्या किलोत होत आला आहे. लोखंड वितळवायचे, साच्यात ओतायचे, निघालेले कास्टिंग साफ करायचे आणि वजनावर भाव ठरवायचा. पुढे अनेकांनी फाउंड्रीशेजारी मशीन शॉप उभे केले आणि कच्च्या कास्टिंगऐवजी तयार जॉब ग्राहकाकडे जाऊ लागला. आपण ज्या कारखान्यात आहोत, तो याच वाटेने आलेला आहे. ट्रॅक्टरच्या चार सिलिंडरच्या इंजिनासाठी लागणारी सिलिंडर हेड, म्हणजे सिलिंडरांना वरून झाकणारे आणि व्हॉल्व्ह धरणारे भाग, इथे ओतली जातात आणि इथेच त्यांचे मशीनिंग होते.

आता ग्राहकाने आणखी एक काम मागितले आहे. हेडमध्ये आठ व्हॉल्व्ह गाइड (व्हॉल्व्हची दांडी ज्यात सरकते त्या नळ्या) आणि आठ व्हॉल्व्ह सीट (व्हॉल्व्हचे डोके ज्यावर टेकते त्या कड्या) दाबून बसवूनच हेड पाठवावे, असे त्याचे म्हणणे आहे. प्रक्रियेच्या तक्त्यावर पाहिले तर ही एका ओळीची भर आहे, आणि जागेचा विचार केला तर दोन प्रेस, दोन टेबले आणि थोडा रोलर कन्व्हेयर एवढ्यात ती मावते. तरीही या एका ओळीसाठी लाइनवरील जवळजवळ प्रत्येक स्टेजला आपले काम नव्याने तपासून पाहावे लागले, आणि या चित्रफितीचा विषय तोच आहे.

पहिला प्रश्न होता, ही स्टेज नेमकी कुठे बसवायची? जोडणी म्हटली, की ती शेवटी, सर्व मशीनिंग उरकल्यावर होणार, असे कुणालाही वाटेल. सिलिंडर हेडच्या बाबतीत तसे करता येत नाही. गाइड दाबून बसवला, की त्याचे आतले छिद्र किंचित आवळते, म्हणून त्याचे शेवटचे रीमिंग, म्हणजे छिद्र नेमक्या मापाला आणण्याचे काम, तो बसवल्यानंतरच करावे लागते. सीटवरचा तिरकस पृष्ठभागही बसवल्यानंतरच कापतात, आणि शक्यतो ज्या पकडीत गाइडचे रीमिंग होते त्याच पकडीत कापतात, कारण व्हॉल्व्हची दांडी गाइडमध्ये सरकते आणि त्याचे डोके सीटवर टेकते. दोघांचा मध्य एक नसेल तर व्हॉल्व्ह एका बाजूने उघडा राहतो, तापलेला वायू त्या फटीतून निसटतो आणि काही काळाने व्हॉल्व्ह जळतो. त्यामुळे जोडणीची स्टेज मशीन लाइनच्या मधोमध घ्यावी लागली. हेड मशीनवरून उतरते, धुतले जाते, प्रेसवर जाते आणि पुन्हा मशीनवर चढते.

दुसरा प्रश्न गळतीचा होता, आणि आमच्या मते संपूर्ण आखणीतील सर्वांत विचारपूर्वक घेतलेला निर्णय इथे दिसतो. हेडच्या पोटात पाण्याच्या वाटा असतात. ओतताना अडकलेला वायू किंवा आकसताना राहिलेली पोकळी यांमुळे भिंतीत बारीक छिद्रे राहू शकतात, आणि ती मशीनिंगनंतरच उघडी पडतात. आजवर लीक टेस्ट लाइनच्या शेवटी होत असे. गळणारे हेड बाजूला काढायचे आणि फोडून पुन्हा भट्टीत टाकायचे. नुकसान मशीनिंगच्या मजुरीचे होई, लोखंड मात्र परत मिळे. सीट बसवलेल्या हेडला ही सवलत नाही. सीट मिश्रधातूची असते, त्यात बहुधा क्रोमियम असते, आणि ग्रे आयर्नच्या, म्हणजे हेड ज्याचे ओततात त्या बिडाच्या, वितळीत क्रोमियम वाढले की कार्बाइड तयार होऊन कास्टिंगमध्ये कठीण गाठी येतात, ज्यांवर पुढे टूल तुटतात. म्हणजे एका गळक्या हेडसोबत आठ सीट, आठ गाइड तर जातातच, शिवाय ते हेड निष्काळजीपणे भट्टीत गेले तर पुढची वितळही बिघडवू शकते. म्हणून आता लीक टेस्ट दोनदा होते, एकदा प्रेसच्या आधी आणि एकदा अगदी शेवटी. प्रेसनंतर नाकारलेल्या हेडसाठी लाल रंगाची वेगळी पेटी ठेवली असून, ती फाउंड्रीच्या बाजूला नेण्यास मनाई आहे.

लीक टेस्टची एक खोड सांगायला हवी. पोकळीत दाबाची हवा भरून, झडप बंद करून, ठरावीक सेकंदांत दाब किती उतरतो हे यंत्र मोजते. पण वॉशिंग मशीनमधून हेड गरम बाहेर येते, आणि आतल्या हवेचे तापमान एका अंशाने जरी बदलले, तरी साधारण २ बार निरपेक्ष दाबावर सुमारे ७०० पास्कलचा फरक पडतो. खरी गळती शोधताना पाहायचा फरक याहून कितीतरी लहान असू शकतो. हेड निवण्याआधी टेस्टवर चढवले, तर यंत्र गळती मोजते की तापमान, हे कुणालाच सांगता येणार नाही. यासाठी वॉशिंग आणि टेस्ट यांच्यामध्ये पंख्यांखाली हेड थांबवण्याची जागा मुद्दाम सोडली आहे.

आता खुद्द बसवण्याकडे येऊ. सीट ज्या खाचेत बसते, त्या खाचेपेक्षा सीटचा बाहेरचा व्यास मुद्दाम किंचित मोठा ठेवलेला असतो. हा फरक मिलिमीटरच्या शतांशांत मोजायचा असतो, आणि सीट धरून ठेवणारे बळ त्यातूनच निर्माण होते. फरक कमी पडला तर इंजिन तापल्यावर सीट सैल होण्याचा धोका, जास्त झाला तर खाचेची भिंत तडकण्याचा. पूर्वी ही खाच गो आणि नो-गो गेजने तपासली जाई. हा गेज भाग मर्यादेत आहे की नाही एवढेच सांगतो, मर्यादेत कुठे आहे ते सांगत नाही. सीट ग्राहकाकडे बसत होती तोवर एवढे पुरेसे होते. आता मात्र खाच वरच्या मर्यादेला आणि सीट खालच्या मर्यादेला अशी गाठ पडली, तर दोन्ही भाग पास असूनही जोडणी कच्ची राहते. त्यामुळे बोअरिंगच्या, म्हणजे खाच कापण्याच्या, स्टेजला हवेच्या साहाय्याने व्यासाचा आकडा दाखवणारा एअर गेज आला, आणि प्रत्यक्ष आकडा वाचून टूलच्या झिजेची भरपाई करण्याची सवय ऑपरेटरला लावावी लागली. प्रेस अजून आलाही नव्हता, तेव्हा बोअरिंगवरचे प्रशिक्षण सुरू झाले होते.

सीट थंड करून बसवण्याचाही एक मार्ग आहे. द्रव नायट्रोजनचे तापमान उणे १९६ अंश सेल्सिअस असते. त्यात बुडवलेली ४० मिलिमीटर व्यासाची पोलादी कडी साधारण सात-आठ शतांश मिलिमीटर आकसते आणि फारसे बळ न लावता खाचेत उतरते. इथे तो मार्ग घेतलेला नाही. नायट्रोजनचा पुरवठा, बंद जागेत प्राणवायू कमी होण्याचा धोका आणि त्यासाठी लागणारी व्यवस्था हे एक कारण झाले. दुसरे कारण असे, की सहज उतरलेली सीट स्वतःविषयी काहीच सांगत नाही, आणि सामान्य तापमानाला दाबलेली सीट मात्र प्रेसला लागलेल्या बळातून बरेच काही सांगते.

प्रेसच्या रॅमवर, म्हणजे खाली दाबणाऱ्या दांड्यावर, बळ मोजणारा लोड सेल आहे आणि खाली सरकलेले अंतर मोजणारी पट्टी आहे. समोरच्या पडद्यावर दोन्हींचा मिळून आलेख उमटतो. सीट नीट उतरत असेल तर बळ हळूहळू चढते आणि ती तळाला टेकताच एकदम उसळी घेते. बळ फारच कमी लागले तर खाच मोठी आहे. उसळी लवकर आली तर सीट तिरकी घुसली आहे, किंवा तिच्याखाली लोखंडाचा कीस अडकला आहे. हा शेवटचा दोष सर्वांत फसवा असतो, कारण वरून सीट बसलेली दिसते. प्रत्यक्षात तिच्याखाली फट राहते, व्हॉल्व्हची उष्णता सीटमधून हेडच्या पाण्यापर्यंत पोहोचायची ती अडते, आणि दोष शेतात नांगरताना उघडकीस येतो. आलेखाच्या मर्यादा पुस्तकातून उतरवलेल्या नाहीत. हातप्रेसच्या आवाजावरून सीट बसली की नाही हे ओळखणाऱ्या एका जुन्या मिस्त्रींना सोबत घेऊन, मुद्दाम तिरक्या आणि मुद्दाम कीस टाकून बसवलेल्या सीटचे आलेख काढले गेले आणि त्यांच्या आधारे मर्यादा आखल्या गेल्या.

वेळेचा हिशेब तुलनेने सरळ आहे. आठ तासांच्या शिफ्टमधून जेवणाची ३० मिनिटे आणि चहाच्या दोन सुट्या मिळून २० मिनिटे वजा केली, तर ४३० मिनिटे, म्हणजे २५,८०० सेकंद उरतात. शिफ्टला २१५ हेड द्यायची असतील, तर दर १२० सेकंदांनी एक हेड बाहेर पडले पाहिजे. गाइड आणि सीट बसवण्याचे सगळे काम एकाच माणसाने केले तर २०५ सेकंद लागतात असे धरू. म्हणजे ही स्टेज लाइनची मान आवळणार. म्हणून काम दोन टेबलांवर विभागले. एका ठिकाणी गाइड बसतात, त्याला ९५ सेकंद लागतात, आणि दुसऱ्या ठिकाणी सीट, त्याला ११० सेकंद. सीटच्या टेबलावर हाताशी दहाच सेकंद उरतात, आणि हे थोडे ताणाचे आहे, हे कबूल केले पाहिजे.

टेबलाच्या उंचीवर मात्र बराच खल झाला, आणि तो अनाठायी नव्हता. १९१३ मध्ये फोर्डच्या कारखान्यात फ्लायव्हील मॅग्नेटोच्या (इंजिनातील ठिणगीसाठी वीज निर्माण करणाऱ्या भागाच्या) जोडणीचे काम २९ टप्प्यांत विभागले गेले. एका माणसाला जिथे सुमारे २० मिनिटे लागत, तिथे वेळ १३ मिनिटे १० सेकंदांवर आला. पुढच्या वर्षी लाइन फक्त ८ इंच उंच केली आणि तोच वेळ ७ मिनिटांवर उतरला. इथले हेड चांगलेच जड आहे, ते उचलायचेच नाही असे ठरवून कन्व्हेयर, प्रेसचे टेबल आणि मशीनची पकड या तिन्हींची उंची एकच ठेवली आहे.

विसरण्यावरचा उपाय जपानमधून आला आहे. १९६१ च्या सुमारास तिथले औद्योगिक अभियंते शिगेओ शिंगो यांच्यासमोर एका लहान स्विचची अडचण होती. त्यात दोन स्प्रिंग बसवायच्या असत आणि कामगार कधीकधी एक विसरत. त्यांनी सुचवले, की आधी दोन्ही स्प्रिंग एका वाटीत काढून ठेवाव्यात आणि मग बसवाव्यात. वाटीत एखादी उरली, तर चूक तिथल्या तिथे दिसते. शिरोलीच्या टेबलावर याच विचाराचा आठ खणांचा ट्रे आहे. इनटेक (हवा आत घेणाऱ्या) आणि एक्झॉस्ट (धूर बाहेर सोडणाऱ्या) व्हॉल्व्हच्या सीटचे व्यास वेगळे असल्याने त्यांची अदलाबदल सहसा होत नाही, पण गाइड दिसायला सारखे असतात. त्यामुळे त्यांच्या ट्रेचे खण वेगळ्या खोलीचे केले आहेत आणि चुकीचा गाइड त्यात वर डोकावतो.

पावसाळ्यासाठी एक वेगळा नियम आहे. कोल्हापूरच्या जून ते सप्टेंबरच्या हवेत नुकत्याच धुतलेल्या कोऱ्या लोखंडावर गंज चढायला फार वेळ लागत नाही. तेल लावून ठेवावे, तर खाचेतल्या तेलाने प्रेसचे बळ बदलते आणि काळजीपूर्वक आखलेल्या मर्यादा निरर्थक होतात. म्हणून धुतलेले हेड त्याच शिफ्टमध्ये प्रेसवर गेले पाहिजे. शिफ्ट संपताना मध्ये हेड उरू देत नाहीत.

एवढी तयारी झाल्यावरही माल लगेच पाठवता येत नाही. वाहन उद्योगात मंजूर प्रक्रियेत असा बदल ग्राहकाच्या संमतीशिवाय करता येत नाही. कुठल्या टप्प्यावर काय चुकू शकते याचे विश्लेषण, नियंत्रणाचा आराखडा आणि मोजमापाच्या साधनांची तपासणी हे सर्व सादर करावे लागते. मोजणीतली स्वतःची चूक एकूण फरकाच्या १० टक्क्यांच्या आत असेल, तर साधन निर्विवाद चालते. ग्राहकाने वेगळे सांगितले नसेल, तर चाचणीचे उत्पादन १ ते ८ तासांचे आणि किमान ३०० सलग नगांचे असावे लागते, आणि तेही नेहमीच्या माणसांनी, नेहमीच्या वेगाने केलेले. निवडक कारागीर उभे करून काढलेले ३०० नग या चाचणीचा हेतूच हाणून पाडतात.

शेवटची तयारी प्रेसपासून दूर, भांडारात झाली. आजवर या कारखान्याचा मुख्य कच्चा माल लोखंड होता आणि त्याचा साठा आवारात असे. सीट आणि गाइड आता बाहेरून महामार्गाने येतात. ऑगस्ट २०१९ आणि जुलै २०२१ च्या महापुरात हाच महामार्ग शिरोलीजवळ पाण्याखाली जाऊन वाहतूक बंद पडली होती. त्यामुळे पावसाळ्याआधी सात दिवसांचा साठा करण्याचे ठरले. शिफ्टला २१५ हेड आणि प्रत्येकी आठ सीट, म्हणजे १,७२० सीट. दिवसाच्या दोन शिफ्ट धरल्या तर सात दिवसांना २४,०८० सीट आणि तेवढेच गाइड. हा माल गंजरोधक कागदात गुंडाळून तळमजल्यावर न ठेवता माळ्यावरच्या रॅकमध्ये रचला आहे, आणि मे महिन्याच्या अखेरीस त्याची मोजदाद करण्याची जबाबदारी भांडारपालाकडे दिली आहे.