यादीत कावळासुद्धा

फेब्रुवारीच्या मध्यावर पुण्याच्या वेताळ टेकडीवर सूर्य सातच्या सुमारास वर येतो, पण त्याआधीच बुलबुल बोलू लागलेले असतात आणि गळ्यात दुर्बीण अडकवलेली चार-पाच माणसे पायवाटेवर थबकलेली दिसतात. यांपैकी कोणीही पक्षिशास्त्रज्ञ नाही. अमेरिकेत १९९८ साली सुरू झालेली आणि २०१३ पासून भारतासह जगभर होणारी ‘ग्रेट बॅकयार्ड बर्ड काउंट’ ही चार दिवसांची पक्षिगणना अशाच लोकांच्या जोरावर चालते.

तिच्यासाठी टेकडी चढावीच लागते असेही नाही. चौथ्या मजल्यावरच्या एका काकूंच्या गॅलरीत तुळशीच्या कुंडीशेजारी चहाचा कप आहे, वही आहे आणि वहीत रेघा आहेत : चार उभ्या आणि त्यांना छेदणारी पाचवी आडवी. काकूंनी घड्याळ लावून किमान पंधरा मिनिटे बसायचे आणि जे दिसेल, जे ऐकू येईल ते मोजायचे, एवढाच नियम आहे. समोर घारी घिरट्या घालत आहेत. आधी सात दिसल्या, मग पाच, मग नऊ. काकू एकवीस लिहीत नाहीत, नऊ लिहितात, कारण त्याच घारी पुन्हा फिरून येत असणार. पिंपळात तांबटाचा ठोका ऐकू येतो. पक्षी पानाआड आहे, पण आवाज ओळखीचा असल्याने तोही यादीत जातो. पावशा मात्र शिक्रा या शिकारी पक्ष्यासारखाच दिसतो आणि भल्याभल्यांना फसवतो, म्हणून खात्री नसेल तर नाव लिहायचे नाही. वळचणीच्या पारव्यांचा आणि तारेवरच्या कावळ्यांचा खरे तर कंटाळा येतो, तरीही त्यांच्या रेघा चुकवायच्या नाहीत.

वहीतले आकडे मग मोबाइलमधल्या ‘ई-बर्ड’ या पक्षिनोंदींच्या ॲपवर चढतात. आकडा त्या जागेच्या, त्या महिन्याच्या मानाने फारच मोठा असेल, तर जाणकार स्वयंसेवक तो तपासतात. यादी पाठवण्यापूर्वी एक प्रश्न येतो : ओळखता आलेले सगळे पक्षी तुम्ही नोंदवले का? नवरंग पक्ष्याच्या एका छायाचित्रासाठी पहाटेपासून झुडपात दबा धरणाऱ्यांना हा प्रश्न रुक्ष वाटेल, पण सगळ्या खटाटोपाचा जीव त्यातच आहे. उत्तर ‘होय’ असेल आणि यादीत चिमणी नसेल, तर त्या पंधरा मिनिटांत त्या गॅलरीतून चिमणी दिसली किंवा ऐकू आली नाही, हीसुद्धा नोंद ठरते. अशा हजारो यादींपैकी किती यादींत चिमणी आहे, याचे प्रमाण वर्षानुवर्षे ताडून पाहिले की चिमण्यांचा कल कळतो. केवळ दुर्मीळ पक्ष्यांच्या नोंदींतून तो कधीच कळला नसता.

देशातल्या पक्ष्यांच्या स्थितीचा २०२३ चा अहवाल अशाच तीस हजारांहून अधिक निरीक्षकांच्या सुमारे तीन कोटी नोंदींवर उभा आहे. त्यात ९४२ जाती तपासल्या गेल्या आणि १७८ जातींकडे तातडीने लक्ष द्यावे, असे सांगितले गेले. चिमणी देशभर एकंदरीत टिकून आहे, पण मुंबईसह सहा महानगरांत ती घटते आहे, हे २०२० च्या अहवालात आले होते.

आता मुठेच्या पात्रात. लांब गुलाबी पायांचे शेकाटे उथळ पाण्यात चोच मारत आहेत आणि काठावर शाळेतल्या मुली बोटांनी हवेत टिपके देत मोजत आहेत. एकीची मोजणी चौतीसपर्यंत पोहोचते, तेवढ्यात एक कुत्रा पाण्यात शिरतो आणि सगळा थवा ओरडत उठून थोडा पलीकडे जाऊन बसतो. मुलगी वहीतला आकडा खोडते आणि पुन्हा एकपासून सुरुवात करते.