गुगलीवाल्याचं आडनाव

नमस्कार श्रोतेहो! गुगली टाकली असं आपण सर्रास म्हणतो, राजकारणात तर रोज कोणी ना कोणी कोणाला टाकतच असतं, पण ती, म्हणजे एका बाजूला वळेल असं वाटून भलतीकडेच वळणारा बॉल, शोधून काढणाऱ्याचं आडनाव विचारा, भलेभले क्रिकेटवेडे डोकं खाजवतील. बोझन्केट. बर्नार्ड बोझन्केट. इंग्लंडचा प्लेअर, पण नाव इंग्रजी वाटतं का? नाहीच ते.

हे आडनाव दक्षिण फ्रान्समधल्या लांगडॉक भागातलं, आणि तिकडच्या बोलीत त्याचा अर्थ चक्क बुटका, ठेंगू! म्हणजे कुठल्यातरी खापरपणजोबाला गावानं चिडवलं आणि ते पुढच्या पिढ्यांना चिकटलं, आपले बोबडे, टकले असेच झाले की. आता हे इंग्लंडात कसं आलं, तर 1685 मध्ये फ्रान्सच्या राजानं, चौदाव्या लुईनं, प्रोटेस्टंट लोकांना असलेली धर्माची मुभा काढून घेतली, वर देश सोडायलाही बंदी, तरी हजारो ह्युगेनॉट, म्हणजे हेच फ्रेंच प्रोटेस्टंट, लपूनछपून निसटलेच, आणि त्यातलाच एक डेव्हिड बोझन्केट 1686 मध्ये लंडनला पोचला. घराणं व्यापारात असं काही वर आलं की त्यातला जेकब 1803 मध्ये ईस्ट इंडिया कंपनीचा चेअरमन होता. त्याच साली जालन्याजवळ असईला मराठ्यांची फौज कंपनीशी लढली, बघा म्हणजे.

बर्नार्डला गुगली सापडली ती टेबलावर. ट्विस्टी-ट्वॉस्टी नावाचा खेळ, टेनिसचा बॉल असा टप्पा पाडायचा की समोरच्याला तो पकडताच येऊ नये. तेच त्यानं पुढे ग्राउंडवर आणलं. 1900 मध्ये लॉर्ड्सवर लेस्टरशायरचा बॅट्समन सॅम्युअल को 98 वर खेळत होता, बर्नार्डचा बॉल चार टप्पे पडत गेला आणि हा बाबा स्टंप! लोक हसले असतील, पण 1904 मध्ये सिडनीला यानंच 51 रन्समध्ये 6 विकेट काढल्या. तेव्हा ऑस्ट्रेलियन लोक त्या बॉलला बोझीच म्हणायला लागले, आणि मला विचाराल तर तेच नाव टिकायला हवं होतं, निदान माणूस तरी लक्षात राहिला असता.

टेस्ट मात्र त्याच्या वाट्याला सातच आल्या. आपले गुगलीवाले सदू शिंदे, म्हणजे शरद पवारांचे सासरे, 1951 मध्ये दिल्लीत इंग्लंडच्याच 6 विकेट घेणारे, त्यांच्याही सातच.