पावसातली राणीची बाग

नमस्कार मंडळी. राणीची बाग म्हटलं की मे महिन्याची सुट्टी आठवते ना, तिकिटाची रांग, घामाने भिजलेली पोरं आणि पेंग्विनच्या काचेपुढे धक्काबुक्की. माझं ऐका, मे महिन्यात जाऊच नका. जुलैत जा, मधल्या वारी, फक्त बुधवार सोडून, कारण बुधवारी बाग बंद असते.

गेल्या जुलैत मी आईला घेऊन गेले. भायखळ्याला पूर्वेला उतरलो, पाऊस भुरभुरत होता, आत माणसं अगदी तुरळक. पेंग्विन निवांत बघितले. २०१६ला कोरियातून आणलेले, मूळचे पेरू-चिलीच्या किनाऱ्यावरचे, त्यांना एसीत ठेवतात म्हणून बाहेर काय ऋतू आहे त्याचा त्यांना फरक पडत नाही. पण पाणघोडा बघा पावसात! नुसते कान आणि नाकपुड्या वर.

खरी मजा मात्र झाडांची. ही बाग १८६२ची, आणि आपण पिंजऱ्यांकडे पळतो ना त्यात झाडं बघायचीच राहतात. गोरखचिंच बघितलीय का कधी? आफ्रिकेतलं झाड, बुंधा एवढा फुगलेला की तिघाचौघांनी हात धरले तरी कवेत येत नाही, त्यात पाणी साठवून ठेवतं ते. उन्हाळ्यात बघाल तर निष्पर्ण, वाटतं मेलं बहुतेक, आणि पाऊस पडला की पानं फुटतात, मोठी पांढरी फुलं लटकतात. फुलतात रात्री, वटवाघळांसाठी, सकाळी खाली पडलेली मिळतात. आईने एक उचलून डब्यात ठेवलं, घरी येईपर्यंत तपकिरी पडलं होतं, तरी तिने ते दोन दिवस टाकलं नाही.

बाहेर पडताना भाऊ दाजी लाड म्युझियमच्या अंगणातला दगडी हत्ती नक्की बघा. घारापुरीचा आहे, याच्यावरूनच पोर्तुगीजांनी त्या बेटाला एलिफंटा नाव दिलं. १८६४ला इंग्रज तो इंग्लंडला न्यायला निघाले, उचलताना क्रेन तुटली आणि हत्तीचे तुकडे झाले, म्हणून आपल्याकडे राहिला बिचारा. नंतर जोडलाय. ओल्या दगडावर तो असा काळाभोर दिसतो की आई तिथेच छत्री धरून किती वेळ उभी होती, मीही घाई केली नाही.

चप्पल ग्रिपवाली घाला, वाटेवर शेवाळ असतं. मुसळधार असेल तर त्या दिवशी राहू दे, पण पाऊस जरा ओसरला की लगेच जा, गोरखचिंचेची फुलं फार दिवस थांबत नाहीत.